दोरीनं उठणारा हात

मंडालेच्या राजवाड्याचा खंदक संपतो तिथे एक चहाची टपरी आहे. तिथली प्लास्टिकची स्टुलं इतकी बुटकी, की बसलेल्या माणसाचे गुडघे त्याच्या हनुवटीशी गप्पा मारतात. को फो तोक, म्हणजे फो तोकभाऊ, पडला तो त्या स्टुलावरून. उजव्या दंडाचं हाड मोडलं.

हे टपरीवाल्याला ठाऊक, टपरीतल्या गिऱ्हाइकांना ठाऊक, बायकोला ठाऊक. फो तोक मात्र आजतागायत सांगतो, "मंचावरून पडलो."

झालं होतं असं. जलोत्सव संपून उन्हाळा अंगावर आला होता. दुपारी टपरीत कुणीतरी विषय काढला, की बाहुल्यांच्या खेळातला तो लाल कपड्यातला किमयागार आकाशात उडतो तो नक्की कसा. फो तोकला एवढंच पाहिजे असतं. "कसा म्हणजे? असा!" म्हणत तो स्टुलावर एका पायावर उभा राहिला, दुसरा पाय मागे, लोंजी, म्हणजे तिकडची लुंगी, वर खोचलेली, उजवा हात पुढे. दोन क्षण तो खरोखर उडाला, असं सगळेच म्हणतात. मग स्टुलाचा एक पाय मुडपला.

इस्पितळात नर्सनं विचारलं, "कुठून पडलात?"

"मंचावरून."

"किती उंच?"

उंची दाखवायला त्यानं सवयीनं उजवा हात उचलला आणि अशी किंकाळी फोडली की नर्सनं पुढचा प्रश्न विचारलाच नाही.

आता फो तोकला हाताचं एवढं काय, हे कळायला त्याचा धंदा माहीत पाहिजे. तो बा खेटच्या कळसूत्री बाहुल्यांच्या मंडळीत नाचतो. बाहुली नाचवत नाही, स्वतः बाहुली होऊन नाचतो. मंचावर एका बाजूला खरी लाकडी बाहुली, दुसऱ्या बाजूला फो तोक, दोघांचे कपडे सारखे, दोघांच्या मनगटाला पांढऱ्या दोऱ्या. वर फळीवर बा खेट उभा. बा खेट म्हणजे फो तोकच्या बायकोचा थोरला भाऊ. बाहुलीच्या दोऱ्या खऱ्या, फो तोकच्या निव्वळ देखाव्याच्या, सैल. बाहुली मान वळवते तशी हा वळवतो, ती गुडघ्यात मोडते तसा हा मोडतो, आणि लोकांना शेवटपर्यंत कळत नाही की दोघांतलं लाकडाचं कोण.

यात एक गोम आहे. माणूस हात उचलतो तो खांद्यातून. बाहुलीचा उठतो मनगटातून, कारण दोरी मनगटाला बांधलेली. आधी मनगट वर जातं, मागून कोपर लोंबकळत येतं, खांदा तर शेवटी नाइलाज म्हणून येतो. फो तोकचे गुरुजी त्याच्या खांद्यावर वेताची छडी ठेवून त्याला नाचायला लावायचे. छडी हलली की तीच छडी पाठीत. "खांदा मेला पाहिजे!" असं ते ओरडायचे, नाकातून, शेवटचा शब्द लांबवत. फो तोक त्यांची नक्कल इतकी हुबेहूब करतो की गुरुजींची विधवा पहिल्यांदा ऐकून घाबरली होती.

आणि खेळाचा शेवट. ढोलाचा मोठा ठोका पडला की बा खेट दोन्ही हातांतल्या दोऱ्या एकदम सोडून देतो. बाहुली खळ्ळकन कोसळते. फो तोकचा हात मात्र हवेत तसाच राहतो, दोरीशिवाय, डोक्याच्याही वर, बोटं फुलासारखी वळलेली. लोक आधी "हाँ!" करतात आणि मग टाळ्या. सगळा खेळ त्या एका "हाँ" साठी. एवढी वर्षं तो "हाँ" फो तोकच्या मालकीचा होता.

प्लास्टर निघालं त्या दिवशी डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला. "जुळलं. छान जुळलं हाड. पूर्वीपेक्षा भक्कम."

फो तोकनं हात उचलला. म्हणजे, उचलायला सांगितला. हात ऐकेना. कमरेपर्यंत आला, तिथे थबकला आणि खांदाच वर चढून कानाला चिकटला.

"हाड जुळलं ना?" फो तोक म्हणाला.

"जुळलं."

"मग?"

"मग आता पलीकडच्या खोलीत जा," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्याला हाक मारली.

पलीकडच्या खोलीत वुट यी नावाची पोरगेलीशी बाई होती, गालांवर थनाक्याच्या पिवळ्या लेपाचे दोन गोल, पांढरा कोट तिच्यापेक्षा मोठा. मोडकी माणसं पुन्हा हलती करणं हे तिचं काम. तिला एक खोड होती: रोग्याला ती कधीच एकटं सोडायची नाही. "आपण आता बसू-या. आपण श्वास घेऊ-या. आपण हात उचलू-या." फो तोकनं पहिल्याच दिवशी घरी येऊन तिची नक्कल केली. "आपण वेदना सहन करू-या! ओरडतो मी एकटाच, बरं का, थान शिन. तेवढं आपण नाही करत."

त्याची बायको थान शिन गल्लीच्या तोंडाशी पहाटेपासून मोहिंगा, म्हणजे रश्श्यातल्या शेवया, विकते. तिच्या माशांच्या रश्श्याचं पातेलं दोन माणसांना उचलत नाही, ती एकटी उचलते. तिनं त्याचा दंड चिमटीत धरून बघितला. प्लास्टरच्या आत राहून तो बारीक झाला होता, कातडी सैल. "रात्रभर भिजलेल्या शेवयांसारखा झालाय," ती म्हणाली. "उकळीत टाकला तर विरघळेल."

वुट यी त्याला समोर बसवायची आणि म्हणायची, "काका, आपण हात बाजूनं वर नेऊ-या. खांद्यातून."

फो तोक मनगट उचलायचा.

"मनगट नको. खांद्यातून."

फो तोक पुन्हा मनगटच उचलायचा. चाळीस वर्षांची छडी पाठीत बसलेली, हात दुसरं ऐकेल कसा!

"काका, खां-द्या-तून!"

"खांद्यातून उचलला की माणूस दिसतो, सायामा!" सायामा म्हणजे बाई, शिकवणारी.

"माणूसच आहात तुम्ही!"

यावर शेजारच्या खाटेवरचा पाय मोडलेला रिक्षावाला इतका हसला की त्याच्या पायाला कळ आली आणि फो तोकला तेवढंच बरं वाटलं.

शेवटी वुट यीनं खुर्ची ओढली. बाई हुशार, तिनं ओळखलं की या माणसाला बाहुलीच्या भाषेत सांगावं लागणार. "काका, बाहुलीला दोरीनं ढकलता येतं?"

"दोरीनं कसं ढकलणार? दोरी ओढते."

"स्नायूपण तसाच. फक्त ओढतो. ढकलणं त्याला येतच नाही. हा दंडाचा पुढचा स्नायू ओढतो तेव्हा कोपर वाकतं, आणि तेवढा वेळ मागचा सैल सोडतो. सरळ करायचं झालं की मागचा ओढतो, पुढचा सोडतो. दोघंही एकदम ओढायला लागले तर हात जागच्या जागी ताठ. हाडं म्हणजे तुमची लाकडं, हलायचं काम त्यांचं नाही. हलवतात ते हे. टोकं चिवट बंधांनी हाडाला बांधलेली."

फो तोकचे डोळे चमकले. "म्हणजे दोऱ्याच की!"

"दोऱ्याच. फक्त ओढणारा आत बसलाय. आणि तो प्लास्टरमध्ये पडून पडून वाळलाय. त्याला कामाला लावल्याशिवाय तो भरणार नाही. रोज. दुखलं तरी."

"आणि माझा खांदा हा असा कानाला का चिकटतो?"

"कारण खांद्याचा स्नायू थकला की मानेचा येतो मदतीला. आगाऊपणा करतो. त्याला बसवू-या आपण खाली."

बाईनं सगळं बरोबर सांगितलं होतं. घोळ झाला तो ऐकणाऱ्याच्या डोक्यात. घरी जाताना फो तोकच्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं: दोरी वाळली आहे. आणि वाळलेल्या दोरीचं काय करायचं हे बाहुलीवाल्याला कुणी शिकवायला नको. फेकायची. नवी बांधायची.

बा खेट विडा चघळत ओसरीवर बसला होता. त्याच्या तोंडात विडा नसेल असा क्षण कुणी पाहिलेला नाही, त्यामुळे रस सांडू नये म्हणून तो हनुवटी वर करून बोलतो आणि व्यंजनं गिळून टाकतो. "आऊ ए" म्हणजे "जाऊ दे". "ओअं आं" म्हणजे "थोडं थांब". घरच्यांना कळतं. परक्यांना वाटतं, म्हातारा गातोय.

"दादा," फो तोक म्हणाला, "माझ्या मनगटाला खरी दोरी बांध. नाचातली नको. ओढायची."

बा खेटनं हनुवटी आणखी वर केली. "आ आऊ?" म्हणजे: का गाऊ? नाही, म्हणजे: का बांधू?

"कारण आतली वाळली आहे."

अंगणातल्या चिंचेच्या फांदीवरून दोरी टाकली. एक टोक फो तोकच्या मनगटाला, दुसरं बा खेटच्या हातात. बा खेटनं ओढली, आणि काय सांगावं! हात वर गेला. आधी मनगट, मागून कोपर, खांदा मेलेला. डोक्याच्या वर गेला. बोटं फुलली. दुखलं, पण गेला. फो तोकच्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारच्या बायका कुंपणावरून डोकावून म्हणाल्या, "अगं बाई, जसाच्या तसा!"

त्या दिवसापासून रोज दुपारी तेच. ढोलकी वाजवायला कुणी ना कुणी मिळायचंच. खाली फो तोक नाचतोय, ओट्यावरून बा खेट ओढतोय, वर फांदी कुरकुरतेय. फो तोकनं इस्पितळ सोडलं. "त्यापेक्षा माझ्या मेव्हण्याची विद्या बरी," तो टपरीत सांगायचा. "ती पोरगी म्हणते, आपण हळू-हळू. इकडे बघ, एका दुपारीत डोक्यावर!"

"किती उंचावरून पडला होतास म्हणालास?" टपरीवाला विचारायचा, निव्वळ खोडी म्हणून.

फो तोक उजवा हात उचलून दाखवायला जायचा आणि कमरेशी अडकायचा. "इतक्या."

"मंच एवढाच उंच असतो?"

"त्या गावचा तेवढाच होता!"

थान शिनला संशय होता. ती एकदा पळीनं रस्सा ढवळता ढवळता म्हणाली, "दोरी नसताना काय होतं?"

"दोरी नसताना कशाला उचलायचा? नाचात दोरी असतेच."

"शेवटी सोडतात ना."

"शेवटचं शेवटी बघू."

तिनं पळी आपटली. थान शिन जेव्हा पळी आपटते तेव्हा त्यापुढे बोलण्यासारखं तिच्याकडे पुष्कळ असतं, पण गिऱ्हाइकं उभी असतात.

भिक्खूंचा पावसाळी वर्षावास संपत आला. पौर्णिमेच्या जत्रेत पगोड्याच्या पटांगणात मंडळीचा खेळ ठरलेला. बा खेटच्या जावयानं, मिन लातनं, आडून आडून सुचवून ठेवलं होतं की काकांना त्रास होत असेल तर तो आहे. पंचविशीचा पोरगा, खांद्यावर गोळे. फो तोक म्हणाला, "त्याच्या खांद्याला मरायला अजून वीस वर्षं लागतील."

त्याच आठवड्यात, दुपारच्या तालमीत, हात डोक्याच्या वर, बोटं फुललेली, ढोलकी ऐन रंगात असताना बा खेटचा विडा श्वासनलिकेत गेला. बा खेट खोकला. खोकताना माणसाच्या हातात दोरी राहत नाही.

फो तोकचा हात वरून जो सुटला तो ओल्या टॉवेलासारखा खाली आला, मांडीवर आपटला, आणि वाटेत चहाचा थर्मास घेऊन गेला.

ढोलकी थांबली. फो तोकनं हाताकडे पाहिलं. मग सगळ्यांसमोर, दोरीशिवाय, उचलायला गेला. कमरेपर्यंत. थांबला. खांदा कानाला.

जसाच्या तसा, हे बायकांनी बरोबर सांगितलं होतं. प्लास्टर निघालं त्या दिवशी जसा होता, तसा.

"इतके दिवस!" फो तोक ओरडला. "इतके दिवस काय केलं मग मी?"

बा खेटच्या तोंडात पहिल्यांदाच विडा नव्हता, त्यामुळे उत्तर स्वच्छ आलं. "तू काही नाही केलंस. मी ओढत होतो."

दुसऱ्या दिवशी फो तोक इस्पितळात गेला तेव्हा पुरावा म्हणून बा खेटलाही घेऊन गेला. वुट यीनं सगळं ऐकून घेतलं. फांदी, दोरी, ढोलकी. मध्ये एकदाही तिनं "आपण" म्हटलं नाही, त्यावरूनच कळायला हवं होतं. तिनं फो तोकचा दंड दाबून पाहिला. मग बा खेटकडे वळली आणि त्याचा दाबला. टेप काढली. बा खेटच्या सदऱ्याची बाही दंडाला घट्ट बसली होती. सगळ्यांच्या ते आत्ताच लक्षात आलं.

"व्यायाम झालाय," ती म्हणाली. "नियमानं झालाय. फक्त यांचा."

बा खेटनं लाजून बाही खाली ओढली.

"सायामा, पण वर तर जात होता ना!"

"काका, पोतंसुद्धा वर जातं, दोरी बांधली की! सांधा मोकळा राहिला, तेवढा फायदा झाला, तो मी नाकारत नाही. पण ओढणारा बाहेर उभा असेल तर आतला कशाला उठेल? मी असते तरी झोपले असते."

"मग पौर्णिमेपर्यंत?"

तिनं भिंतीवरच्या पंचांगाकडे पाहिलं. "डोक्याच्या वर? विसरा. खांद्याइतका, कदाचित. तोही खांद्यातून उचललात तर. नाटकं केलीत तर तोही नाही."

आणि मग सुरू झालं ते. त्याला नाच म्हणता येत नाही, खेळ म्हणता येत नाही, टपरीत सांगण्यासारखं तर त्यात काहीच नाही. घरच्या बांबूच्या चटईच्या भिंतीसमोर उभं राहायचं आणि बोटं भिंतीवरून वर चढवायची, खेकडा चढतो तशी. वीण बोटाबोटानं मागे टाकायची. वर कुठेतरी एक जाडी पाल बसलेली असायची, "टौक-टे!" करणारी. तिच्या शेपटीपर्यंत पोचायचं, एवढीच फो तोकच्या आयुष्यात आता महत्त्वाकांक्षा. आणि पाल रोज तिथेच, त्याच्या बोटांच्या अगदी वर, डोळे मिटून.

"हलत नाही मेली!" तो करवादायचा.

"ती कशाला हलेल?" थान शिन आतून म्हणायची. "तिला माहितीये तुम्ही येत नाही ते."

वर नेणं एक वेळ ठीक. खाली आणणं त्याहून वैताग. वुट यीनं बजावलं होतं, की हात खाली टाकायचा नाही, आणायचा. बाहुलीचा हात वजनानं पडतो, माणसाचा स्नायू ताण सोडत सोडत उतरवतो, आणि त्या उतरवण्यातच त्याची खरी मेहनत होते. फो तोक वर नेऊन दमायचा आणि धप्पकन सोडून द्यायचा. मग भिंतीच्या आडून थान शिन, हुबेहूब इस्पितळातल्या आवाजात, "आपण सावकाश खाली आणू-या!" त्या घरात नक्कल करणारा फो तोक एकटा नाही, हे त्याला लग्नानंतर एवढ्या वर्षांनी कळलं आणि अजिबात आवडलं नाही.

सगळ्यात जिवावर यायचं ते खांदा जागा करणं. आयुष्यभर ज्याला मारून मारून झोपवला, त्याला आता म्हणायचं, बाबा रे, ऊठ. गुरुजी स्वप्नात यायचे का, ठाऊक नाही. पण व्यायाम करताना फो तोकची नजर मधूनच कोपऱ्यातल्या वेताच्या छडीकडे जायची आणि पाठ आपोआप ताठ व्हायची.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी तो बा खेटकडे गेला. "मी नाचणार. हात खांद्यापर्यंतच नेईन. तू बाहुलीचाही तेवढाच ने."

"आणि शेवटी?"

"शेवटी सोड. दोन्ही."

"पडला म्हणजे?"

"नाही पडणार."

"मिन लात आहे की..."

"दादा!"

बा खेटनं विडा तोंडात टाकला. "आऊ ए," तो म्हणाला.

पटांगणात पणत्या लागल्या, नारळ आणि केळ्यांचा नैवेद्य दाखवून झाला, ढोलांच्या गोल कड्यात वादक उतरला. थान शिननं पातेलं कडेला मांडलं होतं. पुढच्या रांगेत वुट यी, कोट नसल्यामुळे ओळखू न येणारी, सूर्यफुलाच्या बिया सोलत बसलेली.

नाच चांगला झाला. मान, गुडघे, डावा हात, सगळं लाकूड. उजवा जपून, छातीपर्यंत. लोक वेडे व्हायला लागले होते. मग शेवटची चाल आली. बाहुलीचा हात खांद्याइतका आला, फो तोकचा आला. ढोलाचा मोठा ठोका पडला. बाहुली खळ्ळकन कोसळली.

फो तोकच्या मनगटावरची दोरी ताणलेलीच.

त्याला कळलं. नाचात ही दोरी सैल असते, चाळीस वर्षं सैल असते, आणि आत्ता ती ताठ होती. बा खेटनं सोडलीच नव्हती. मेव्हणा मायेनं घट्ट धरून उभा होता.

"सोड," फो तोक ओठ न हलवता म्हणाला. बाहुलीचे ओठ हलत नसतात.

वरून आलं, "आई ओअआ." म्हणजे: नाही सोडणार.

"सोड म्हणतो ना!"

"अएल!" म्हणजे: पडेल.

"दादा, लाकूड समजतोस का मला!"

लोकांना यातलं काही ऐकू जात नव्हतं. त्यांना दिसत होता एक हात, एक दोरी आणि कोसळलेली बाहुली, आणि ते वाट बघत होते. कधी सुटतेय. फो तोकच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पडलेला हात त्यानं सहन केला असता. पण दुसऱ्यानं धरलेला हात, आणि त्याबद्दल टाळ्या? त्यानं दात खाल्ले, आणि गुरुजींनी शिकवलेलं सगळं लाथाडून, उघड उघड, जत्रेतल्या हजार डोळ्यांदेखत, खांद्यातून हात वर रेटला.

दोन बोटं वर गेला असेल. जास्त नाही. पण दोरीला तेवढं पुरतं. ती मनगटाशी सैल पडली, तिचा मधे झोका झाला, आणि तो झोका पणत्यांच्या उजेडात हलला. आता वर कुणी कितीही घट्ट धरलेली असो, ती कुणालाही ओढत नव्हती.

ढोलाच्या एका फेरीपुरता हात तिथे राहिला. मग दंड थरथरायला लागला. बाहुली थरथरत नाही. पुढच्या रांगेतून, सगळी जत्रा ऐकेल अशा आवाजात, "काका, आपण सावकाश खाली आणू-या!"

कसलं सावकाश. हात धप्पकन पडला. त्याच्या मागून वैतागलेला फो तोकही बाहुलीच्या शेजारी बसकण मारून पडला, मान वाकडी, पाय फेंगडे.

पटांगणात हशा फुटला. असा आरडाओरडा त्या पगोड्यासमोर कुणी ऐकला नव्हता. "माणूसही पडला! दोघंही लाकडाचे!" म्हाताऱ्या डोळे पुसत हसत होत्या. पोरं लगेच धुळीत आपापले हात टाकून पडायला लागली.

मंचामागे बा खेटनं विडा थुंकून फो तोकला मिठी मारली. "आता दरवर्षी पाडायचा! काय पाडलास रे! मिन लातला जमणार नाही असं, सात जन्मात!"

"पाडला नाही!" फो तोक किंचाळला. "पडला! त्याच्या आधी धरला होता, तो कुणी बघितला? सांग, एकानं तरी बघितला?"

"कधी धरलास?"

फो तोकनं मुंडासं काढून जमिनीवर आपटलं. डाव्या हातानं.

वुट यी मागे आली ती बियांची पुडी हातात घेऊन. "वर नेताना छान. खांदा काय बोलला! पण खाली आणताना टाकलात. उद्या येऊ-या आपण."

घरी जाताना थान शिन रिकामं पातेलं कमरेवर घेऊन पुढे चालली होती. फो तोक मागून कुरकुरत. टाळ्या चुकीच्या ठिकाणी पडल्या, लोकांना अक्कल नाही, मेव्हण्याला अक्कल नाही, "हाँ" झालंच नाही, नुसतं "हा हा हा" झालं.

"दोरी सैल पडली होती," थान शिन मागे न बघता म्हणाली.

फो तोक पाय उचलून तिच्या बरोबरीला आला.

"मी पळी टाकून बघत होते. झोका आला होता तिला. एकानं दोन वाट्यांचे पैसे न देता पळ काढला तेवढ्यात."

कोपऱ्यापर्यंत त्याची कुरकुर बंद होती. मग पुन्हा सुरू झाली, पण आता ती पैसे बुडवणाऱ्यावर होती.

काम त्याचंच राहिलं. पडण्यासाठी राहिलं याचा राग त्याला आजही आहे, आणि दर तालमीला तो हात न पाडता खांद्याच्या वर धरून दाखवतो आणि बा खेट म्हणतो, "ओऊ ए", सोडून दे. भिंतीवरची पाल गेल्या महिन्यात हलली. तो म्हणतो, भिऊन हलली.

परवा टपरीत एक नवं गिऱ्हाईक आलं होतं, मोन्यवा गावाकडचं. त्यानं साधेपणानं विचारलं, "हाताला काय झालं होतं, को?"

"पडलो. मंचावरून."

"किती उंच होता?"

फो तोकनं उजवा हात उचलला. खांद्यातून, रीतसर, सावकाश. कमर गेली, छाती गेली, खांदा गेला, हात कानाच्या वर जाऊन थांबला. "हा एवढा!"

"अरे बापरे!" मोन्यवाचा माणूस म्हणाला.

टपरीवाला कपबशा विसळत होता. "थापाड्या, पावसाळ्यात तर तू कमरेएवढ्या उंचावरून पडला होतास!"

"तेव्हा हात तेवढाच जात होता," फो तोक खेकसला. तो हात लगेच सोडून देणार होता, पण मग त्याला काहीतरी आठवलं, आणि तोंडानं पुटपुटत, वैतागत, त्यानं तो इंचाइंचानं खाली आणला, पार त्या बुटक्या स्टुलापर्यंत.